कण्या, आंबील, पेज

पांढुर्णा
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

मनुष्यजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची नोंद कुठे होत असेल, तर त्यात माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा समावेश व्हावा, अशी माझी नम्र मागणी आहे. ही भिंत माझी आणि शेजारच्या दिलीपची सामाईक. या बाजूला माझा कुकर, त्या बाजूला त्याचा, आणि दोघांचा गळा एकच. सोमवारी त्याच्या शिट्ट्या माझ्या समजून मी गॅस बंद केला. तुरीची डाळ दाताखाली गिट्टीसारखी वाजली. मंगळवारी शहाणा होऊन पहिल्या शिट्ट्या त्याच्या धरल्या; त्या नेमक्या माझ्या निघाल्या. तळाशी जे लागलं ते अजून खरवडून राहिलो. दिलीपला म्हटलं, "बाबा, तू तुह्या कुकरचा टाइम बदल." तर म्हणे, "भाऊ, आमचा टाइम लग्नापासून हाच आहे. तुम्ही आता आले या लाइनमंदी."

खरं आहे. एवढ्या वयाचा माणूस या लाइनमध्ये नवखाच. रश्मीची बदली झाबुआला झाली आणि बायकोच्या हातचं बंद झालं, ते तुला माहीतच आहे. सरकारी नर्सला नाही म्हणता येत नाही, आणि तिकडच्या खोलीत ती आणि तिचा स्टोव्ह एवढेच मावतात. मेसचं खाऊन माझं पोट बिघडलं. डॉक्टरनं सांगितलं, घरचंच खा. तेव्हा संध्याकाळचं असं काही सांग, जे एका गंजात, एका पातेल्यात होईल, एकट्याला जमेल आणि खिशाला कळणार नाही.

तुझा फोन महिनाभर बंद आहे. चेतनला विचारलं तर तुझा लेक म्हणतो, "मामाजी, आई झोपली आहे." तू दिवसा झोपशील यावर माझा विश्वास नाही. म्हणून हे पत्र. पोस्टात अंतर्देशीय मागितलं तर खिडकीतल्या पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बैलगाडीचं तिकीट मागितलं.

तुझा भाऊ,
सुमेध


सौंसर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सुमेध,
जय भीम.

फोन पाण्याच्या बादलीत पडला. चेतन म्हणते नवा घेऊ, मी म्हटलं राहू दे. तुह्याशी बोलून कोणाचं भलं झालं? लिहून पाठवत जा. लिहिताना तरी माणूस कमी बोलते.

शिट्ट्या मोजणं बंद कर. अंगणवाडीतल्या लेकराइची खिचडी मी रिटायर होईपर्यंत नाकानं शिजवली, कानानं नाही. तुले नाक आहे ना? बापानं चांगलं मोठं दिलं आहे.

पहिले बेसन शिक. तेल तापू दे, मोहरी-जिरं तडतडू दे, मंग कांदा, लसण, हिरवी मिरची, हळद. पाणी टाक, मीठ टाक, उकळी येऊ दे. बेसन वरून भुरभुर सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. तुह्या हाताले थांबायची सवय आहे, म्हणून सांगून राहिली. झाकण ठेव. भदभद आवाज आला का झालं. भाकरीचं पीठ गरम पाण्यानं मळ, नाही त तुटते.

घरी यायचं म्हणशील त आता येऊ नको. चेतन रंग देऊन राहिला, बसाले जागा नाही.

ताई


पांढुर्णा
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताईस,
जय भीम.

बेसन केलं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून हात थांबवला नाही, तरी झाल्या. इतक्या गोल आणि एकसारख्या, की एखाद्या डॉक्टरनं जेवणानंतर दोन-दोन घ्यायला लिहून द्याव्यात. भाकर आपल्या नव्या पांढुर्णा जिल्ह्यासारखी झाली. कुठून सुरू झाली आणि कुठे संपली, ते तव्यालाही सांगता येईना. पण खाल्लं. सगळं खाल्लं. फोडणीचा वास उठला तेव्हा मी मुद्दाम दरवाजा उघडला, दिलीपकडे जावा म्हणून. एवढे दिवस त्या घराचे वास फुकट घेतले, एक दिवस तरी परत दिला.

रंग वाळला की सांग. तशी मलाही फुरसत नाही म्हणा. जिनिंगमध्ये ऑडिट चालू आहे, शेठ रजा देत नाही.

आता पुढचं सांग. झणझणीत काही. पातोडीचा रस्सा जमेल का मला?

तुझा भाऊ,
सुमेध


सौंसर
५ डिसेंबर २०२४

चि. सुमेध,
जय भीम.

पातोडी तुले नाही जमत. पहिले चाल, मंग धाव.

मुगाच्या डाळीची खिचडी कर. तांदूळ मूठभर, डाळ मूठभर, पाणी भरपूर. चमच्यातून गळली पाहिजे. तिखट टाकू नको, कांदाही नको.

दुसऱ्या दिवशी कण्या. ज्वारी चक्कीवरून जाडीभरडी दळून आण. पाण्यात शिजव, हलवत राहा, पार मऊ झाल्या का थंड होऊ दे, वरून ताक. मिरची नको. पोटाले हलकं राहते.

रंग अजून वाळला नाही.

ताई


पांढुर्णा
११ डिसेंबर २०२४

प्रिय ताईस,
जय भीम.

कण्या जमल्या. जमल्या म्हणजे गंज वाचला आणि मीही वाचलो. पण मला सांग, सौंसरची बाई लागोपाठ दोनदा मिरची नको म्हणते, ही बातमी पेपरवाल्यांच्या हाती कशी लागली नाही? लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेऊन "आचारी बिमार आहे काय?" असं मोठ्यानं विचारणारी तू! नवरीचा बाप पळत आला होता, आठवते का?

रश्मीनं फोनवर विचारलं, आज काय केलं? म्हटलं, कण्या. ती म्हणाली, "कण्या काहून?" आणि मग डब्यांत काय काय उरलं आहे ते विचारलं.

तुझं अक्षर बारीक झालं आहे. चष्म्याचा नंबर तपासून घे. आणि पुढच्या पत्रात मिरचीवरची बंदी उठव.

सुमेध


सौंसर
२० डिसेंबर २०२४

सुमेध,

आता पेज शिक. चिमूटभर तांदूळ, गंजभर पाणी. पार विरघळू दे. मंग फडक्यातून गाळ. एक शीत राहिलं नाही पाहिजे. मीठ नखावर राहील एवढं. थंड करून पी. याहून सोपं काही नाही.

ताई


पांढुर्णा
२४ डिसेंबर २०२४

ताई,

समजलं. रश्मीनं सांगितलं ना तुला?

मग ऐक. जिनिंग ऑगस्टमध्येच विकलं गेलं. नव्या शेठनं हिशेबाला संगणक आणला आणि मला चहा पाजून घरी पाठवलं. चहात साखर जास्त होती, तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. ऑडिट वगैरे काही नाही. मेस बंद केली ती डॉक्टरच्या सांगण्यावरून नाही. तुझ्याकडे येत नाही, कारण तू माझं तोंड पाहिलं की दोन मिनिटांत सगळं बाहेर काढशील.

हे तुला कळलं, ठीक. पण म्हणून आधी खिचडी, मग कण्या, आता पेज? एकेक पायरी खाली उतरवत नेलंस मला. कांदा महाग म्हणून कांदा नको, मिरची महाग म्हणून मिरची नको, आता तांदूळही चिमूटभर! पुढच्या पत्रात काय, नुसतं पाणी उकळायची रीत? लहानपणी पाहुणे आले की तू वरणात पाणी वाढवायचीस, तुझा हात मला ठाऊक आहे. पण मी अजून एवढा खाली आलो नाही, की सख्ख्या बहिणीनं मला भिकाऱ्याचं जेवण शिकवावं.

दया करायची तर समोर कर. चेतनचा फोन घे आणि तोंडानं बोल.

सुमेध


सौंसर
३० डिसेंबर २०२४

सुमेध बाबू,
जय भीम.

तुही नोकरी गेली, हे मले तुह्याच चिठ्ठीतून समजलं. रश्मीनं काही सांगतलं नाही. ती पोरगी तुह्यापेक्षा पक्की आहे.

तुले वाटलं मी तुही परिस्थिती पाहून लिहून राहिली. नाही रे. मी माह्या गंजात पाहून लिहून राहिली होती. जे मी खात होती, तेच तुले सांगत गेली. बेसन तेव्हा जात होतं, भाकर त्यात कुस्करून. मंग भाकर गेली, मंग तिखट गेलं. खिचडी, मंग कण्या. आता पेज, तेही गाळून.

उन्हाळ्यापासून गालात आतून फोड होता. रोज सकाळी दाताले गुडाखू घासायची ना मी, तिथंच. लेकराइच्या मायांले तंबाखू वाईट म्हणून सांगून यायची आणि घरी येऊन घासायची. नागपूरले दाखवलं. कॅन्सर आहे. मशीनचे शेक झाले. आता तोंड बोटभर उघडते. मी बोलली त चेतनलेही दोनदा विचारा लागते.

फोन बादलीत पडला नाही, कपाटात आहे. रंग कोणी दिला नाही. चेतनले शपथ घातली होती, मामाले सांगशील त खबरदार. तू येशील, काहीबाही बोलून हसवशील, आणि हसलं का दुखते.

पेजेले भिकाऱ्याचं म्हणू नको. तांदूळ चांगला आहे. चेतन बोरगावच्या कंपनीतून सुटला का निवडून आणते.

ताई


पांढुर्णा
६ जानेवारी २०२५

ताई,
जय भीम.

घरी पोचलो. तुझ्यासमोर दोन दिवस मी एकटाच बोलत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भांडणात मी जिंकलो, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

चेतननं अंगणात नेऊन डॉक्टरचं सांगितलं. पुढचं औषध अंगाला झेपायचं असेल तर वजन वाढलं पाहिजे, नाही तर नाकातून नळी. म्हणजे आता प्रश्न एवढाच आहे, की तुझ्या पोटात काय आणि कसं जाईल. त्याचं उत्तर मी तुला चारलेल्या ज्वारी-ताकाच्या आंबिलीत आहे असं मला वाटते.

तुझ्याकडे निघण्याआधी मी ज्वारी घेऊन इथल्या कवडूच्या चक्कीवर गेलो होतो. पावभर ज्वारी मैद्यासारखी पाहिजे म्हटल्यावर तो भडकला. "भाऊ, हे चक्की आहे का खलबत्ता? वीज काय माहा बाप भरते?" कोणासाठी ते सांगितलं, तर त्यानं पट्टा थांबवला, पीठ पुन्हा वरून टाकून पुन्हा दळलं. तो तुला ओळखते. लहानपणी तू त्याच्या अंगणातल्या बोरी झोडपल्या म्हणे. पैसे घेईना. म्हणाला, "ताई जेवाले लागल्या का देजा मंग."

आणि तू घेतलीस. तिसऱ्या चमच्याला तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं. माझ्या हातचं खाऊन रडलेले लोक आहेत, पण ते वेगळ्या कारणानं. परतीच्या बसमध्ये संत्र्याचे बगीचे संपेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

आता १९ तारखेपासून दर रविवारी आंबील घेऊन येतो. नळी लागू देत नाही तुला.

सुमेध


सौंसर
१३ जानेवारी २०२५

सुमेध,

रविवारी आंबील आणू नको.

डोळ्यात पाणी आलं ते मायेनं नाही. ताक आंबट होतं. तोंडाची आतून साल निघाली आहे, आग लागल्यावानी झालं. तू चमचा धरून एवढा खूश होऊन पाहून राहिला होता, म्हणून तिसरा घेतला. चेतन समजला होता, त्याले मी डोळे वटारले.

तुह्यावर रुसली नाही. तुह्या जागी मी असती त मीही तेच केलं असतं, फक्त ताक गोड पाहिलं असतं.

दुखण्यापेक्षा एक गोष्ट वाईट आहे. मन खाऊ म्हणते आणि तोंड नाही म्हणते. शेजारी लसणाची फोडणी पडली का मी खिडकीपाशी जाऊन बसते. सूनबाई घरात तिखटाचं करतच नाही, मले वास येईल म्हणून. तिले काय सांगू?

तू एक कर. संध्याकाळी जे करशील ते मले लिहून पाठव. पेज-बीज करू नको, तुह्या तोंडाले काय धाड भरली? तिखट टाक. कसं लागलं ते लिही, आणि खोटं लिहू नको. कच्चं राहिलं त कच्चं लिही.

ताई


पांढुर्णा
२१ जानेवारी २०२५

ताई,
जय भीम.

पातोडीचा रस्सा केला. तू म्हणाली होतीस, नाही जमत. ऐक.

कांदा आणि खोबऱ्याचा तुकडा गॅसच्या जाळावर धरला. कांद्याची वरची पापडी काळी पडून उडाली, आतून गोडसर रस सुटला आणि जाळावर टपटप पडला. खोबऱ्याला तेल सुटलं. दहा पाकळ्या लसूण, लाल मिरच्या, थोडी खसखस. खसखस दिलीपच्या बायकोनं दिली. माझ्या घरात ती असण्याचं कारण नव्हतं. वाटण पाट्यावर वाटलं. डोळे चुरचुरले, मिरची नाकात गेली, सात शिंका आल्या. दिलीप भिंतीपलीकडून ओरडला, "भाऊ, जिवंत आहे ना?"

बेसन या वेळी कढईत घट्ट शिजवलं. गुठळी एक झाली, ती मी तिथेच उभ्या उभ्या खाऊन पुरावा नष्ट केला. ताटाला तेल लावून थापलं, वरून चिरलेला सांबार, आपली कोथिंबीर, आणि तीळ, सुरीनं वड्या पाडल्या. कडेच्या वाकड्या आल्या. मग रस्सा. तेलात वाटण पडलं तेव्हा ताई, घर बदललं. भिंती त्याच, पण घर आईचं झालं. रंग काळपट लाल. वर तर्री आली, बोट बुडवलं तर नखाला लाल कड राहिली.

वड्या सोडल्या. दोन फुटल्या, त्यामुळे रस्सा दाट झाला. तेच बरं झालं. भाकर तव्यावर फुगली, एकच, पण फुगली. ती हातानं फोडली तेव्हा वाफेनं बोटं पोळली. पहिला घास आधी जिभेच्या टोकाला गोड लागला, खोबऱ्याचा. मग मधे मीठ. थोडं कमी पडलं होतं. मग मागून मिरची आली, गळ्यातून खाली उतरेपर्यंत. कानामागं घाम. वडी आतून मऊ, लोण्यासारखी नाही, थोडी खरखरीत, जशी तुझी असायची. शेवटी वाटी उचलून रस्सा प्यायलो आणि बोटं चाटली. कोणी पाहत नव्हतं.

खोटं काहीच लिहिलं नाही.

सुमेध


सौंसर
३ फेब्रुवारी २०२५

सुमेध,

चिठ्ठी पोचली. चेतन म्हणे मी वाचून दाखवतो. मी म्हटलं मीच वाचते. दोनदा वाचली.

तर्रीपाशी आली आणि तोंडाले पाणी सुटलं. आता तेवढंही गिळता येत नाही. पदरानं टिपत बसली.

शुक्रवारी नळी टाकली. नाकातून. पावडर पाण्यात कालवते आणि पिचकारीनं देते. पोट भरते म्हणते डॉक्टर. भरत असेल. मले काही समजत नाही, गरम का थंड तेवढं समजते.

तुही चिठ्ठी वाचली तेव्हापासून भूक लागून राहिली आहे. नळीनं ती जात नाही. तिले जायले दारच नाही.

मीच म्हटलं होतं लिही म्हणून. तुही चूक नाही. आता लिहू नको. जेवणाचं काहीच लिहू नको. बाकीचं लिहीत जा.

तू चांगला शिकला.

ताई


पांढुर्णा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं.

इकडे थंडी गेल्यात जमा आहे. सकाळी अंगावर पांघरूण नको वाटते आणि काढलं की पाहिजे वाटते. आमच्या गल्लीतल्या रस्त्याचं पुन्हा भूमिपूजन झालं. या रस्त्याची जेवढी पूजा झाली तेवढी कोणाची झाली नसेल, तरी तो काही प्रकट होत नाही. फोटोत मी मागे उभा आहे. दिलीपनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आहे, त्यामुळे मी कार्यकर्ता दिसतो.

मला काम मिळालं. खताच्या दुकानात हिशेब लिहायचा, अर्धा दिवस. सुरेश म्हणून पोरगा मालक आहे, मला 'अंकल' म्हणते. मी त्याला अजून काही म्हटलं नाही. दुकानात युरियाचा वास असतो, कपड्यांना लागून घरापर्यंत येतो. आंघोळ केली तरी जात नाही. बरंच आहे ते. घरात दुसरा कुठला वास नसतो सध्या.

रश्मीला रजा मिळाली. बारा तारखेला ती झाबुआहून थेट सौंसरला येईल. नळीचं तिला सगळं येते. सूनबाईला नीट दाखवून देईल, म्हणजे चेतनची ड्युटी असली तरी अडणार नाही. ती म्हणाली, "आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, आमच्या घरची तशी पद्धत आहे.

मी पुढच्या रविवारी येतो. काही आणत नाही. बसून राहीन. हसवणारही नाही, कबूल. तू पाटीवर लिही, मी वाचीन. भांडायचं असेल तर मोठ्या अक्षरात लिही.

काल दुकानातून सुटल्यावर कवडूच्या चक्कीवर गेलो. मला पाहून त्यानं मान वर केली. "भाऊ, ताई लागल्या का...?" एवढं विचारून तो थांबला. मी म्हटलं, हो. त्याचं त्या दळणाचं द्यायचं होतं ते दिलं. त्यानं मोजलं नाही, तसंच पिठानं भरलेल्या गल्ल्यात टाकलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. शर्टावर पांढरा पंजा उमटला तो घरी आल्यावर दिसला. 

तुझा भाऊ,
सुमेध